जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट: बसवताना अडते कुठे आणि सोडवायचे कसे

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी नेहमीची सुरक्षा-अपडेट देणे थांबवले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. त्यामुळे २०१८ च्या आधी घेतलेले बहुतेक लॅपटॉप धडधाकट असूनही विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. असा लॅपटॉप आपल्या घरात असेल तर तो भंगारात काढायची काहीच गरज नाही. लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली, त्यावर आणखी काही वर्षे छान चालेल. तिला किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते. ४ जीबी रॅम आणि १०० जीबी जागा असेल तर काम सुखाने होते.

आधी एक स्पष्ट सांगतो. आपले रोजचे काम टॅलीवर असेल, किंवा डिजिटल सहीचा यूएसबी टोकन वापरून सरकारी संकेतस्थळांवर कागदपत्रे भरत असाल, तर विंडोज पूर्ण पुसू नका. टॅली विंडोजसाठीच बनलेले आहे, आणि प्रत्येक टोकनचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर, म्हणजे एखादा सुटा भाग प्रणालीला चालवता यावा यासाठीचा छोटा प्रोग्राम, मिळेलच असे नाही. अशांनी दोन्ही प्रणाली शेजारी-शेजारी ठेवाव्यात. ब्राउझर, ईमेल, पत्रे, हिशेबाचे तक्ते, चित्रपट, मुलांचा अभ्यास एवढेच काम असेल तर मिंट पुरेसे आहे.

बसवण्याचे काम बहुतांशी आपोआप होते. नवशिक्या माणसाला त्रास होतो तो मध्येच पडदा काळा होतो किंवा इंग्रजीत काहीतरी लिहून येते तेव्हा. अशा वेळी घाबरून बटणे दाबत सुटू नये. यंत्र कोणत्या टप्प्यावर थांबले ते बघावे आणि मोबाइलने पडद्याचा फोटो काढावा. प्रत्येक टप्प्याचे दुखणे वेगळे असते, आणि टप्पा कळला की शोधायची जागा फार लहान होते. दुसऱ्या कुणाला विचारायचे झाले तरी तो फोटो आणि लॅपटॉपचे मॉडेल एवढ्यावर जाणकार माणूस बरेच काही सांगू शकतो.

सुरुवात अर्थातच जपणुकीपासून. फोटो, कागदपत्रे, डेस्कटॉपवर विखुरलेल्या फायली, ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड हे सगळे बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावे. घेतलेल्या दोन-चार फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात.

त्याच वेळी विंडोजच्या सेटिंगमध्ये बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का ते बघा. ही डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी सोय आहे, आणि अनेक लॅपटॉपवर ती मालकाच्या नकळत चालू असते. आपण पुढे बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना सर्वांत आधी जागा होणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, काही बदलले की विंडोज अचानक ४८ आकडी ‘रिकव्हरी की’ मागते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आत्ताच शोधून कागदावर उतरवा. त्याच लॅपटॉपमध्ये लिहून ठेवली तर ऐन वेळी ती हाती लागणार नाही. विंडोज ठेवायचे असेल तर हे एन्क्रिप्शन आधी बंद करून डिस्कचे कुलूप पूर्ण उघडू देणे सर्वांत सुरक्षित. त्याला तास-दोन तास लागू शकतात, लागू द्यावेत.

आता मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल उतरवून घ्या. पूर्ण प्रणालीची एकाच फायलीत बांधलेली प्रतिमा, असा तिचा अर्थ. आकार सुमारे ३ जीबी. सिनॅमन, माते आणि एक्सएफसीई असे तीन प्रकार दिसतील. फरक मुख्यतः पडद्याच्या मांडणीचा आहे. रॅम ४ जीबीच असेल तर एक्सएफसीई हलके पडते, नाहीतर सिनॅमन घ्यावे.

फाइल अर्धवट किंवा बिघडलेली उतरणे हे पुढच्या कितीतरी अडचणींचे मूळ असते, आणि लक्षणे भलतीकडेच दिसतात. म्हणून ‘चेकसम’ ताडून बघा. फायलीतल्या मजकुरावरून काढलेली ही ६४ अक्षर-अंकांची ओळखखूण असते. संकेतस्थळावर ती दिलेली असते. आपल्या संगणकावर सेव्हन-झिप हा मोफत प्रोग्राम असेल तर फायलीवर राइट क्लिक करून ‘सीआरसी एसएचए’ या यादीतून ‘एसएचए-२५६’ निवडले की आपल्या फायलीची खूण दिसते. दोन्ही तंतोतंत जुळल्या पाहिजेत. एका अक्षराचाही फरक असेल तर फाइल पुन्हा उतरवा.

मग पेनड्राइव्ह. ८ जीबीचा पुरतो, पण त्यावरचे सगळे पुसले जाणार आहे. इथे सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे आयएसओ फाइल नुसती कॉपी करून पेनड्राइव्हवर टाकणे. तशा पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू होत नाही. बॅलेना एचर किंवा रूफस अशा प्रोग्रामने ती प्रतिमा पेनड्राइव्हवर ‘लिहावी’ लागते. लिहून झाल्यावर विंडोज कधी कधी विचारते, ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का?’ नाही म्हणा. पेनड्राइव्ह ठीक आहे, विंडोजला त्याची नवी रचना वाचता येत नाही एवढेच. लिहिताना सारखी चूक येत असेल तर दुसरा पेनड्राइव्ह घ्यावा. बाजारात खोट्या क्षमतेचे पेनड्राइव्ह बरेच फिरतात आणि ते इथेच उघडे पडतात.

विंडोज सोडण्याआधी दोन गोष्टी पाहून ठेवा. पहिली, ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ या पानावर ‘बायोस मोड’ समोर ‘यूईएफआय’ लिहिले आहे की ‘लेगसी’. लॅपटॉप सुरू होण्याचे हे अनुक्रमे नवा आणि जुना मार्ग. जो असेल तो टिपून ठेवा, पुढे उपयोगी येईल. दुसरी, ‘पॉवर ऑप्शन्स’मधले ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असताना शटडाउन केले तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते. मग त्याच्या डिस्कवर लिनक्सला काही लिहिता येत नाही, आणि जागा वाटून घेण्याचे कामही अडू शकते.

आता पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करताना बूट मेनू उघडायचा. डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक लॅपटॉपवर एफ१२, एचपीवर आधी एस्केप आणि मग एफ९, आसुसवर एस्केप. एसरवरही एफ१२ आहे, पण तो आधी एफ२ दाबून बायोसमध्ये चालू करावा लागतो. लॅपटॉपचे चालू करायचे बटण दाबल्याबरोबर ही कळ टकटक दाबत राहावी. कंपनीचे चिन्ह दिसून गेल्यावर दाबून उपयोग नाही. कळ सापडतच नसेल तर विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून ‘रिस्टार्ट’वर क्लिक करा. निळ्या पडद्यावर बहुतेक यंत्रांत ‘यूज अ डिव्हाइस’ असा पर्याय येतो आणि तिथून पेनड्राइव्ह निवडता येतो.

यादीत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसू शकतो, एकदा ‘यूईएफआय’ असे लिहून आणि एकदा त्याशिवाय. आपण टिपलेल्या मोडशी जुळणारी ओळ निवडा. विंडोज यूईएफआय मार्गाने सुरू होत असताना मिंट लेगसी मार्गाने बसवले, तर दोघांना एकमेकांचा पत्ता लागत नाही. बसवून झाल्यावर ‘विंडोज गेले’ म्हणून जो हलकल्लोळ होतो, त्यातल्या बऱ्याच प्रसंगी विंडोज जागेवरच असते.

पेनड्राइव्ह यादीत नसेलच तर दुसऱ्या यूएसबी खाचेत लावून पाहा, मग तो पुन्हा लिहा. ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ असा संदेश येऊन यंत्र बंद पडले तर कारण ‘सिक्युअर बूट’चे आहे. अधिकृत सही असलेलाच प्रोग्राम सुरू होऊ देणारी ही राखण आहे. ऑगस्ट २०२४ च्या एका विंडोज अपडेटनंतर लिनक्सचे जुने सुरुवातीचे प्रोग्राम त्यात नाकारले जाऊ लागले. मिंटची ताजी आयएसओ वापरणे हा पहिला उपाय. तेवढ्याने भागले नाही तर बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करावे. रिकव्हरी की मागितली जाते ती अशा वेळी.

मिंटचा पहिला मेनू आला, पहिली ओळ निवडली आणि पडदा काळा झाला, तर दोष बहुधा चित्र दाखवणाऱ्या चिपचा असतो. एनव्हिडिआची ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर हे जास्त दिसते. दोन-तीन मिनिटे थांबा, कारण पेनड्राइव्हवरून सगळे संथ चालते. तरीही काही नाही झाले तर पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरून लॅपटॉप बंद करा, पुन्हा तोच मेनू आणा आणि ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ ही ओळ निवडा. त्यात चित्र साध्या पद्धतीने दाखवले जाते. पडदा ओबडधोबड दिसेल, पण दिसेल. योग्य ड्रायव्हर नंतर घालता येतो.

आता आपल्यासमोर मिंटचा डेस्कटॉप आहे, आणि तो पेनड्राइव्हवरून चालतो आहे. लॅपटॉपच्या डिस्कला अजून हात लागलेला नाही. ही लिनक्सची फार मोठी सोय आहे आणि तिचा पुरेपूर फायदा घ्यावा असे मला मनापासून वाटते. लोक घाईने ‘इन्स्टॉल’वर क्लिक करतात. त्यापेक्षा अर्धा तास इथेच काढा. वायफाय लागते का, आवाज येतो का, टचपॅड, कॅमेरा, पडद्याचा उजेड कमी-जास्त होणे, लॅपटॉप मिटून उघडल्यावर जागा होणे, हे सगळे करून बघा. इथे जे चालते ते बसवल्यावर बहुतेक चालते. जे चालत नाही त्याचा उपाय आधी शोधता येतो.

वायफाय न लागणे ही इथली नेहमीची तक्रार, विशेषतः ब्रॉडकॉमची चिप असलेल्या लॅपटॉपवर. ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटला ड्रायव्हर हवा अशी कोंडी होते. ती फोडायला अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या वायरीने लॅपटॉपला जोडा आणि फोनमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. मिंट त्याला तारेचे नेटवर्क समजते आणि बहुतेक वेळा लगेच जोडले जाते.

सगळे समाधानकारक असेल तर चार्जर लावून डेस्कटॉपवरचे ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’ उघडा. जुन्या बॅटरीच्या भरवशावर हे काम करू नये. वीज जाण्याचा संभव असेल ती वेळही टाळावी. कीबोर्ड विचारला की ‘इंग्लिश यूएस’ ठेवा. मराठी हवे म्हणून इथेच मराठी कीबोर्ड निवडला, तर पासवर्ड देवनागरीत टाइप होण्याचा आणि पुढे आतच जाता न येण्याचा धोका असतो. मराठी नंतर सहज जोडता येते.

‘मल्टिमीडिया कोडेक्स’च्या चौकटीत टिक करा, म्हणजे गाणी-चित्रपट चालतील. सिक्युअर बूट चालू असेल तर याच ठिकाणी एक पासवर्ड ठरवायला सांगतात. तो लिहून ठेवा. पहिल्या रिस्टार्टला निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ असा पर्याय येतो, तिथे तो द्यायचा असतो. हा पडदा काही सेकंदच थांबतो. पुष्कळांच्या हातून तो निसटतो, आणि मग वायफायचा किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर का चालत नाही हे कळत नाही.

पुढचे पान सर्वांत महत्त्वाचे. विंडोजशेजारी बसवणे, ‘इरेज डिस्क’ म्हणजे पूर्ण डिस्क पुसून बसवणे, आणि ‘समथिंग एल्स’ म्हणजे स्वतः वाटणी करणे, असे पर्याय दिसतात. नवख्या माणसाने तिसऱ्याच्या वाटेला जाऊ नये. विंडोज ठेवायचे असेल तर पहिला, नको असेल तर दुसरा. लॅपटॉपमध्ये दोन डिस्क असतील तर यादीतली डिस्क आकारावरून ओळखा. विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसणारी डिस्क इथे १ टीबी म्हणजे १००० जीबी दिसेल. मोजण्याची पद्धत वेगळी, डिस्क तीच. पेनड्राइव्ह किंवा आपली जपणुकीची बाहेरची डिस्कही याच यादीत येऊ शकते, म्हणून ती बाहेरची डिस्क आधीच काढून ठेवावी.

पहिला पर्याय दिसतच नसेल तर समजा, की मिंटला विंडोज नीट वाचता आलेले नाही. बिटलॉकर अजून चालू आहे, किंवा विंडोज अर्धवट झोपलेले आहे, किंवा वाटायला जागाच नाही. बाहेर पडा, विंडोजमध्ये परत जा, ते दुरुस्त करा. जागा मोकळी करायची तर विंडोजच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून सी ड्राइव्ह आक्रसून घेतलेला बरा.

डिस्कच दिसत नसेल तर कारण बहुधा इंटेल आरएसटी किंवा व्हीएमडी असते. डिस्कशी बोलण्याची ही इंटेलची स्वतःची पद्धत. बायोसमध्ये ती बदलून ‘एएचसीआय’ ही सर्वसाधारण पद्धत लावली की मिंटला डिस्क दिसते. पण विंडोज ठेवायचे असेल तर हा बदल थेट करू नका. तसे केले तर विंडोज निळा पडदा दाखवून सुरूच होत नाही. क्रम असा ठेवा: आधी विंडोजमध्ये ‘सिस्टीम कॉन्फिगरेशन’ उघडून ‘सेफ बूट’ला टिक करा. रिस्टार्ट करताना बायोसमध्ये जाऊन एएचसीआय लावा. विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल आणि नव्या पद्धतीचा ड्रायव्हर उचलेल. मग ती टिक काढून पुन्हा सुरू करा. सेफ मोडमध्ये चार आकडी पिन चालली नाही तर खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो, तो हाताशी असू द्या.

‘इन्स्टॉल नाउ’ दाबल्यावर डिस्कवर कोणते बदल होणार याची यादी येते. ती वाचा. इथपर्यंत इन्स्टॉलरने आपल्या डिस्कवर काहीही लिहिलेले नसते आणि मागे फिरता येते. ‘कंटिन्यू’ म्हटले की परत फिरणे नाही.

पुढे टाइम झोनमध्ये कोलकाता निवडा, भारतभर एकच वेळ आहे. नाव, पासवर्ड द्या आणि थांबा. फायली उतरवण्याच्या ओळीवर बराच वेळ अडकले तर इंटरनेट संथ आहे, ‘स्किप’ म्हटले तरी चालते. ‘इनपुट आउटपुट एरर’ आली तर पेनड्राइव्ह किंवा डिस्क वाचता येत नाही असा अर्थ. दुसऱ्या पेनड्राइव्हनेही तेच झाले तर मिंटमधल्या ‘डिस्क्स’ या प्रोग्राममध्ये डिस्कची तब्येत पाहा. डिस्कच मरायला टेकली असेल तर एसएसडी ही वेगवान प्रकारची डिस्क घालणे हाच शहाणपणाचा खर्च. जुन्या लॅपटॉपला त्याने जो वेग येतो तो दुसऱ्या कशाने येत नाही.

काम संपले, पेनड्राइव्ह काढला, रिस्टार्ट केले आणि सरळ विंडोजच उघडले, तर मिंट बसले नाही असे समजू नका. बायोसमधल्या सुरू होण्याच्या क्रमात विंडोज वर आहे. तिथे ‘मिंट’ शोधून सापडणार नाही, कारण मिंट उबंटूवर आधारलेले असल्याने यूईएफआयच्या यादीत त्याचे नाव ‘उबंटू’ असे असते. ती ओळ सर्वांत वर आणा. एसरच्या काही लॅपटॉपवर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ असे येते. तिथे बायोसला आधी सुपरवायझर पासवर्ड लावून मिंटची सुरुवातीची फाइल विश्वासू म्हणून नोंदवावी लागते. पडद्यावर नुसते ‘ग्रब’ लिहून खूण लुकलुकत असेल, तर ग्रब म्हणजे कोणती प्रणाली सुरू करायची ते विचारणारा प्रोग्राम अर्धवट बसला आहे. पेनड्राइव्हवरून पुन्हा सुरू करा. तिथल्या मेनूत ‘बूट रिपेअर’ आहे, त्यातली शिफारस केलेली दुरुस्ती बहुतेक वेळा पुरते.

मिंट सुरू झाल्यावर आधी ‘अपडेट मॅनेजर’, मग ‘ड्रायव्हर मॅनेजर’ आणि मग ‘टाइमशिफ्ट’ चालवावे. टाइमशिफ्ट चालत्या प्रणालीची प्रत राखते. पुढे एखादे अपडेट बिघडले तर त्या प्रतीवर परत जाता येते.

दोन्ही प्रणाली ठेवणाऱ्यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसेल. मिंट वापरून विंडोजमध्ये गेले की घड्याळ साडेपाच तास मागे. लॅपटॉपमधल्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवते आणि लिनक्स जागतिक प्रमाणवेळ, आणि भारताची वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे, म्हणून बरोबर तेवढाच फरक. मिंटच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, इंग्रजी लहान अक्षरांत ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही आज्ञा एकदा दिली की मिंटही स्थानिक वेळ ठेवू लागते. वेळ चुकली की बँकांची संकेतस्थळे कधी कधी उघडत नाहीत, म्हणून हे टाळू नये.

शेवटी मराठी. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘लेआउट्स’मध्ये मराठी जोडा. इन्स्क्रिप्ट आहे आणि ‘कगप’ नावाची उच्चारानुसारी मांडणीही आहे. रोमन अक्षरांत शब्द लिहून मराठी उमटवायची सवय असेल तर ‘इनपुट मेथड’मधून आयबस आणि त्यासोबतचे ‘एम१७एन’ बसवावे लागते.

युनिकोडमधल्या मराठी फायली लिब्रेऑफिसमध्ये नीट उघडतात. मंगल किंवा कोकिळा हा फॉन्ट मिंटमध्ये नसल्यामुळे पानांची संख्या थोडी बदलेल, अक्षरे बदलणार नाहीत. श्रीलिपी, कृतिदेव किंवा जुन्या आयएसएमच्या फॉन्टमध्ये लिहिलेल्या फायली मात्र इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा काला होऊन दिसतील. त्या खराब झालेल्या नसतात. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले होते आणि तो फॉन्ट इथे नाही, एवढेच झालेले असते. आपल्याकडे त्या फॉन्टची फाइल असेल तर मिंटमध्ये तिच्यावर डबल क्लिक करून ‘इन्स्टॉल’ म्हणा, मजकूर वाचता येईल. कायमचा उपाय म्हणजे त्या फायली युनिकोडमध्ये रूपांतरित करून ठेवणे. घरात वर्षानुवर्षांची पत्रे, जमिनीची कागदपत्रे, कुणाचे लेखन अशा फॉन्टमध्ये असेल तर हे रूपांतर विंडोज हाताशी असतानाच करावे, आणि ते पुरे होईपर्यंत ‘इरेज डिस्क’चा पर्याय निवडू नये.